चोरायला आहे काय?

"आमच्या घरात चोरायला आहे काय, बाई?"

हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे की, आता ते मला आरतीसारखे पाठ झाले आहे. ते बोलणारी माणसे भली असतात, संसारी असतात, आणि मुळीच निष्काळजी नसतात. चार दिवस गावाला जायचे झाले तर दाराला दोन कुलुपे लावून वर शेजाऱ्याला "लक्ष ठेवा हो" म्हणून बजावतात. दागिन्यांच्या डब्याची किल्ली कुठे असते हे त्यांच्या घरात एकाच माणसाला ठाऊक असते. आणि त्याच घरात, टीव्हीच्या शेजारी, दोन शिंगे उभारून आणि हिरवे दिवे लुकलुकवीत जी एक पेटी भिंतीवर बसलेली असते, तिच्या कुलपाचा विषय मी काढला की हीच मंडळी हसतात. "वायफाय तर आहे! पोरं कार्टून बघतात, हे बातम्या बघतात. त्याला कुलूप कसलं लावायचं?"

ह्या हसण्याशी मला आज भांडायचे आहे. दिवाळीच्या अंकात, चकली-करंजीच्या पंगतीला, हा कडू घास कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे की, आपल्या दिवाळीचा पहिला घास कडूच असतो. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले की तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडायचे, त्याचा रस जिभेला लावायचा, आणि मगच फराळाला बसायचे, ही आमच्याकडची रीत. हा लेख म्हणजे ते कारीट समजावे.

मी राहते ते पडघा. भिवंडी तालुक्यातले, मुंबई-नाशिक महामार्गावरचे गाव. बाहेरच्या जगाला ते ठाऊक असले तर रस्त्यासाठी आणि गोदामांसाठी. पण विजेच्या नकाशावर आमच्या गावाचे नाव ठळक अक्षरांत आहे. चंद्रपूरहून निघालेली एक विद्युतवाहिनी ७५२ किलोमीटर धावून पडघ्याच्या केंद्रात येऊन उतरते. १९९९ साली ती सुरू झाली. पाच लाख व्होल्टांच्या दाबाने दीड हजार मेगावॅट वीज वाहून आणण्याची तिची ताकद. त्या केंद्राला कुंपण आहे, फाटक आहे, पहारेकरी आहे. विजेच्या मनोऱ्यावर चढू नये, त्याखाली पतंग उडवू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही शिकवावे लागत नाही. कारण वीज दिसत नसली तरी तार दिसते.

वायफायचे दुर्दैव असे की, त्याची तार दिसत नाही. त्या पेटीतून निघणाऱ्या लहरी रेडिओच्या लहरींच्याच जातीच्या. विटांची भिंत त्यांना भिंत वाटत नाही. कौलांतून, खिडकीतून, दाराच्या फटीतून त्या अंगणात जातात, अंगणातून रस्त्यावर जातात. घराची हद्द आपण कागदोपत्री मोजून घेतलेली असते. त्या लहरींना ती कोणी सांगितलेली नसते. रस्त्याच्या कडेला मोटारसायकल लावून, मोबाईलमध्ये मान घालून बसलेला माणूस तुमच्या लहरींच्या टप्प्यात असेल आणि तुमचा पासवर्ड त्याला ठाऊक असेल, तर तो तुमच्या माजघरात येऊन बसल्यासारखाच आहे. फरक एवढाच की, त्याच्या चपला दारात दिसत नाहीत.

आता चोरायचे काय, ते सांगते. पहिली वस्तू म्हणजे तुमचे नाव.

टपालाच्या पाकिटावर जसा टपालकचेरीचा शिक्का बसतो, तसा इंटरनेटवरून जाणाऱ्या प्रत्येक निरोपामागे एक आकडी पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. घरात मोबाईल चार असोत की चाळीस, बाहेरच्या जगाला पत्ता एकच दिसतो, आणि इंटरनेट पुरवणाऱ्याच्या नोंदवहीत त्या पत्त्यापुढे नाव असते ते ज्याच्या नावे बिल येते त्याचे. तुमच्या पेटीतून कोणी काहीही धाडले की, पहिले बोट तुमच्याकडे वळते.

ही काल्पनिक भीती नव्हे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत एकामागून एक बॉम्बस्फोट झाले आणि ५६ माणसे प्राणाला मुकली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा एक ईमेल आला होता. त्याच्या आयपी पत्त्याचा माग काढीत पोलीस येऊन पोचले ते आमच्याच ठाणे जिल्ह्यात, नवी मुंबईतल्या सानपाड्याला, एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी. त्याची चौकशी झाली, त्याचे संगणक तपासले गेले, त्याचे नाव देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत छापून आले. शेवटी दिसून आले ते एवढेच की, त्याच्या घरातल्या वायफायला धड कुलूप नव्हते आणि कोणीतरी परस्पर त्याचा वापर करून गेले होते. महिना उलटतो न उलटतो तोच, २३ ऑगस्टला, तसाच दुसरा ईमेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्यातून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ईमेल निघाला चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायमधून. तिन्ही पत्ते खरे होते आणि तिन्ही ठिकाणचे यजमान निरपराध होते.

अहमदाबादच्या खटल्याचा निकाल लागायला फेब्रुवारी २०२२ उजाडला. विशेष न्यायालयाने ४९ जणांना दोषी ठरवले आणि त्यांतल्या ३८ जणांना फाशीची शिक्षा सुनावली. पण सानपाड्याच्या त्या गृहस्थाचे नाव कोणत्या घटनेशी जोडले गेले, हे आजही इंटरनेटवर दोन शब्द टाकले की दिसते. न्यायालयाने न सुनावलेली ही शिक्षा संपायची नाही.

त्या प्रकारानंतर धावपळ झाली नाही असे नाही. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांची पथके लॅपटॉप घेऊन उघडी वायफाय शोधत हिंडू लागली. फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना वायफायच्या सुरक्षित वापराबद्दल सूचना धाडल्या. त्याला एक तप उलटून गेले. तेव्हा वायफाय शहरातल्या सुखवस्तू घरांत होते. आज ते पडघ्याच्या आळीआळीत आहे. पेटी खेड्यापर्यंत पोचली, शहाणपण मात्र वाटेत कुठे उतरले कोण जाणे.

हे सारे मी वर्तमानपत्रांत वाचलेले होते. तरीही माझ्या घराला कुलूप नव्हते. ते का नव्हते हे सांगितल्याशिवाय पुढे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे त्या मोबाईलवर भरू लागल्या. माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत मोबाईल एकच, आणि तोही बापाबरोबर गोदामात जाणारा. ज्यांनी इकडून तिकडून मोबाईल मिळवला त्यांच्याकडे रिचार्जला पैसे नव्हते. आमच्या घरी नुकतेच फायबर आले होते. टाळेबंदी जराशी सैल झाल्यावर मी अकरा मुलांना निरोप दिला की, माझ्या ओटीवर येऊन बसा. तोंडाला रुमाल बांधून, हात हात अंतर सोडून ती मुले ओटीवर आणि पायऱ्यांवर बसत. पाऊस आला तर भिंतीला चिकटत. दाराशेजारी मी एक लहान फळा टांगला होता आणि त्यावर खडूने पासवर्ड लिहिला होता. तो पासवर्ड म्हणजे माझाच मोबाईल नंबर. जोडणी द्यायला आलेल्या मुलाने तो आपणहून टाकला होता. म्हणाला, "बाई, हा ठेवा, लक्षात राहील." लक्षात राहिला, पण साऱ्या आळीच्या.

पुढे शाळा उघडल्या, मुले वर्गात गेली, फळा माळ्यावर गेला. पासवर्ड तोच राहिला.

२०२३ च्या थंडीत मला पोलीस ठाण्यातून बोलावणे आले. माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीच्या नावाने कोणी खोटे खाते उघडले होते. तिचा फोटो लावून, तिच्या तोंडी नको नको ते घालून, तिच्या ओळखीपाळखीच्या लोकांना ते धाडले होते. आणि हे सारे माझ्या घराच्या पत्त्यावरून गेले होते. समोरच्या अधिकाऱ्यांनी सभ्यपणे विचारले, "बाई, तुमचं वायफाय कोण कोण वापरतं?" वीस वर्षे रोज सकाळी हजेरी घेणारी मी, मला माझ्या घराची हजेरी देता येईना. आठवली ती अकरा मुले. मी अकरा नावे सांगितली. दुसरे मला काही ठाऊकच नव्हते.

अकरा घरांत चौकशी गेली. एका बापाने पुढचे मागचे न विचारता पोराला पट्ट्याने मारले. पोरगा चार दिवस शाळेत आला नाही. आला तेव्हा शेवटच्या बाकावर जाऊन बसला आणि तास संपेपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिले नाही. आळीत कुजबूज वेगळीच चालली होती: गोदामात कामाला आलेल्या परगावच्या पोरांचेच हे काम, दुसरे कोण असणार! दोन महिन्यांनी, ज्या मोबाईलवरून ते खाते उघडले होते त्याच्या नोंदींवरून माणूस सापडला. तो अकरांतला नव्हता आणि परगावचाही नव्हता. आमच्याच गावचा, बऱ्या घरचा, नोकरीला लागलेला तरुण. मुलीने लग्नाला नकार दिला म्हणून हा सूड. संध्याकाळी तो माझ्या कुंपणाशी गाडी लावून बसत असे. मी त्याला एकदा विचारलेही होते, "काय रे, कुणाची वाट बघतोस?" तो हसून म्हणाला होता, "मित्राची, बाई."

मुलीचे कॉलेजचे वर्ष बुडाले. माझ्या घरातून एक चमचादेखील गेला नव्हता. आता मला सांगा, चोरायला काय होते!

ह्या प्रकारानंतर आळीने मला जो उपदेश केला, माझे खरे भांडण त्याच्याशी आहे. "दिलंत म्हणून झालं, बाई. कशाला त्या पोरांना ओटीवर बसवलंत? आता तरी कुणाला देऊ नका." काल हसणारी माणसे आज हे बोलत होती! कालपर्यंत "कुलूप कशाला" म्हणणारे आज "दारच बांधून काढा" म्हणू लागले. दोन्ही बोलण्यांच्या मुळाशी एकच आळस आहे. विचार न करता दार उघडे टाकायचे, आणि विचार न करता ते लिंपून टाकायचे.

मी हे कबूल करणार नाही. त्या अकरा मुलांना ओटीवर बसवले ही माझी चूक नव्हती. तशी वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा बसवीन. माझी चूक ही की, मुले गेल्यावर मी दार ओढून घेतले नाही. दार उघडे ठेवणे वेगळे आणि दार उघडे राहणे वेगळे. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला पाणपोई घालतात, तेव्हा रांजण नुसता उघडा टाकून कोणी निघून जात नाही. रांजणावर झाकण असते, पाणी काढायला ओगराळे असते, आणि शेजारी वाढणारा माणूस बसलेला असतो. त्या माणसाला काढून घ्या, संध्याकाळपर्यंत रांजणात काय काय पडलेले असेल ते पाहा. त्याला कोणी दानधर्म म्हणणार नाही.

ह्यावर एक मोठा आक्षेप आहे, आणि तो साध्यासुध्या माणसाचा नाही. संगणकाच्या सुरक्षिततेवर ज्यांचा शब्द जगभर मानला जातो त्या ब्रूस श्नायर ह्यांनी जानेवारी २००८ मध्ये 'वायर्ड'मध्ये एक लेख लिहून जाहीर केले होते की, आपल्या घरचे वायफाय आपण मुद्दाम उघडे ठेवतो. घरी आलेल्याला गरम चहा विचारावा तसा हा शिष्टाचार आहे, अशा अर्थाचे ते म्हणाले. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही; उलट, त्यातली माणुसकी मला आपल्या आळीच्या उपदेशापेक्षा जवळची वाटते. पण त्याच लेखात त्यांनी हेही सांगितले होते की, आपले संगणक आपण नीट बंदोबस्तात ठेवलेले आहेत. म्हणजे ह्या गृहस्थांच्या वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा असला, तरी आतल्या प्रत्येक खोलीला त्यांनी स्वतः घडवलेले कुलूप आहे आणि यजमान जागा आहे. आमच्या घरांत काय आहे? आजीच्या मोबाईलमध्ये पेन्शनचे बँकखाते, सुनेच्या मोबाईलमध्ये भिशीचा हिशेब, भिंतीवर चीनहून आलेला कॅमेरा, आणि कोणालाच आठवत नाही असा त्याचा पासवर्ड. श्नायरसाहेबांच्या दारी उद्या पोलीस आले, तर काय उत्तर द्यायचे हे त्यांना ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हते. मी अकरा मुलांची नावे सांगून मोकळी झाले. आणि त्यांच्या लेखानंतर सहा महिन्यांनी सानपाड्याला जे घडले, ते सर्वांपुढे आहे.

खरे म्हणजे, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांनी पेटीवाचून सोडवलेला होता. आपले जुने घर आठवा. पुढे ओटी. तिथे वाटसरू बसला, कोणा परक्याने रात्र काढली, तरी कोणी हरकत घेत नसे. त्याला पाणी मिळे, गूळ मिळे, निजायला घोंगडी मिळे. पण ओटीवरचा पाहुणा न विचारता माजघरात जात नसे, आणि माजघरातला सोयरादेखील पेटाऱ्याला हात लावीत नसे. त्यात पाहुण्याचा अपमान होता का? उलट, माजघराचे दार बंद करता येत होते म्हणून तर ओटी मोकळ्या मनाने उघडी ठेवता येत होती. आज बहुतेक नव्या राउटरमध्ये ही ओटी तयारच असते. तिला गेस्ट नेटवर्क म्हणतात. त्याचे नाव वेगळे, पासवर्ड वेगळा. त्यावर बसलेल्याला इंटरनेट मिळते, घरातले कॅमेरे, टीव्ही, संगणक त्याला दिसत नाहीत. एक लक्षात ठेवावे: ओटीवरचा माणूसही बाहेर जातो तो तुमच्याच पत्त्याने. म्हणून ओटीवर कोण बसले आहे हे यजमानाला ठाऊक हवे आणि तिचा पासवर्ड वरचेवर बदलायला हवा.

येथवर मी घरच्या माणसांना बोलले. पण सगळा दोष त्यांच्या पदरी टाकून मोकळे होणाऱ्यांतली मी नव्हे. ज्याने कुलूप विकले त्याचे काय?

ही पेटी बसवायला येणारा मुलगा वीस मिनिटांत भिंतीला भोके पाडतो, तार ओढतो, तुमचाच मोबाईल नंबर पासवर्ड म्हणून टाकतो, आणि "झालं काम" म्हणून दुसऱ्या घरी जातो. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला दिवसाकाठी किती घरे उरकायची असतात ते मी पाहिले आहे. राग आहे तो त्याला तसे पाठवणाऱ्यांवर. मोबाईल नंबर दहा आकडी, पहिला आकडा सहा ते नऊ. म्हणजे सगळ्या मिळून चारशे कोटी शक्यता. ऐकायला पुष्कळ वाटते. पण तुमच्या लहरींतला एक तुकडा टिपून घरी नेला, की चांगले ग्राफिक कार्ड असलेला संगणक एवढे सगळे नंबर काही तासांत चाचपून टाकतो. २०२१ मध्ये तेल अवीव शहरात एका संशोधकाने पाच हजार वायफाय जाळ्यांचे असे तुकडे गोळा केले. त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक जाळ्यांचे पासवर्ड त्याला सापडले, आणि त्यांचे मोठे कारण हेच की, लोकांनी आपापले मोबाईल नंबर टाकले होते. तेव्हा हा आळस एकट्या पडघ्याचा नाही, एवढेच समाधान.

कुलूप बनवणाऱ्यांचा इतिहासही पाहा. वायफायचे पहिले कुलूप, डब्ल्यूईपी, १९९७ चे. ते कसे उघडते हे २००१ मध्येच जाणकारांनी दाखवून दिले. मग २००३ मध्ये डब्ल्यूपीए आले, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२, आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३. मधल्या काळात गिऱ्हाइकाची सोय म्हणून डब्ल्यूपीएस नावाची एक खिडकी काढली गेली: आठ आकडे दाबले की जोडणी. आठ आकडे म्हटले की शक्यता कोट्यवधी, असे कोणालाही वाटेल. पण पेटी ते आकडे दोन तुकड्यांत तपासते आणि पहिला तुकडा बरोबर की चूक हे आधीच सांगून टाकते, त्यामुळे अकरा हजार प्रयत्नांत काम होते. हे २०११ च्या अखेरीस उघडकीला आले. दाराला भक्कम अडसर आणि शेजारच्या खिडकीला सुतळी, अशातला हा प्रकार.

आणि सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे कारखान्यातून निघणाऱ्या हजारो पेट्यांना एकच किल्ली. नाव 'ॲडमिन', पासवर्डही 'ॲडमिन'. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या विशीच्या आसपासच्या तीन पोरांनी मिराई नावाचा एक प्रोग्राम लिहिला. त्यात अशा ठरीव किल्ल्यांची साठेकांची यादी होती. तो घरोघरचे कॅमेरे आणि राउटर शोधत हिंडे, किल्ली लावून बघे, आणि दार उघडले की त्या यंत्राला आपल्या फौजेत भरती करी. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशा फौजेने इंटरनेटचे पत्ते सांगणाऱ्या एका मोठ्या कंपनीवर चाल केली आणि अमेरिकेच्या बऱ्याच भागात ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येक तास बंद पडले. ज्यांच्या घरातले कॅमेरे त्या लढाईत लढले त्यांनाही विचारले असते तर ते म्हणाले असते, "आमच्या घरात चोरायला आहे काय?"

आमच्या पडघेकरांना ह्यातले मर्म अधिक कळायला हवे. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. ज्या वाहिन्यांच्या बिघाडातून ते घडले त्यांत कळवा-पडघे वाहिनीचे नाव होते. पुढच्या वर्षी राज्य सरकारकडून सायबर घातपाताची शक्यता बोलली गेली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. त्या वादात मी पडत नाही. मला आठवते ती आमच्या नाक्यावरची चहाची टपरी. तिथे महिनाभर परराष्ट्राच्या नावाने बोटे मोडली जात होती, विजेच्या केंद्राला कसला कसला बंदोबस्त हवा ह्यावर व्याख्याने झडत होती. आणि त्यांतल्या एकाही वक्त्याने आपल्या घरच्या पेटीचा पासवर्ड बदललेला नव्हता.

कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२० पासून, आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून, अशा सरसकट एकाच किल्लीच्या वस्तू विकण्यास कायद्याने मनाई केली आहे. जो विकतो त्याने प्रत्येक पेटीला निराळी किल्ली द्यावी, हा साधा न्याय आहे. आपल्याकडे कायद्याने काय व्हावे ते जाणकार सांगतील. माझी मागणी बाईमाणसाची आहे. घरात पेटी बसवणाऱ्याने यजमानासमोर बसून, यजमानाच्या हातून नवा पासवर्ड टाकून घेतल्यावाचून पैसे घेऊ नयेत. गॅसचे सिलिंडर आणणारा गळती तपासून दाखवतो की नाही? मग ह्या पेटीलाच अपवाद का?

पण कंपन्या शहाण्या होतील तेव्हा होतील. दिवाळीची जळमटे काढताना हेही एक जाळे झाडून घ्यावे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते आणि वय चाळिशी ओलांडलेले; मला जमले ते कोणालाही जमेल. पेटीच्या पोटावर एक आकडी पत्ता छापलेला असतो. तो मोबाईलच्या ब्राउझरमध्ये टाकला की पेटीचे आतले पान उघडते. तिथला 'ॲडमिन' आधी काढावा. कुलपाच्या यादीत डब्ल्यूपीए-३ असेल तर ते, नाही तर डब्ल्यूपीए-२ निवडावे. डब्ल्यूपीएसची खिडकी बंद करावी. पासवर्ड आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा चालतो. तेव्हा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून ओळीने गुंफावेत. जाते, बोरे, सोमवार, शिडी असे काहीही. पोराचे नाव नको, जन्मतारीख नको, मोबाईल नंबर तर नकोच. पेटीचा प्रोग्राम अद्ययावत करून घ्यावा. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२ मध्येही एक भगदाड सापडले होते आणि ते असेच बुजवले गेले. आणि महिन्यातून एकदा, जोडलेल्या यंत्रांची जी यादी त्या पानावर दिसते, तिची हजेरी घ्यावी. अनोळखी नाव दिसले तर पासवर्ड बदलावा. न जमले तर केबलवाल्याला बोलवावे, चहा द्यावा, आणि शेजारी बसून करून घ्यावे. एक तासाचे काम आहे. अनारशाचे पीठ ह्याहून अधिक वेळ खाते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण दार उघडे ठेवतो. पण त्या वेळी उंबरठ्यावर पणती असते, रांगोळी असते, आणि घरचे माणूस दारात उभे असते. कोण आले, कोण गेले हे त्याला दिसत असते. मला त्याच तऱ्हेचे उघडे दार हवे आहे.

माझ्या ओटीवर फळा पुन्हा टांगला आहे. त्यावर ओटीचा पासवर्ड असतो, माजघराचा नव्हे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला मी तो पुसून नवा लिहिते. खाली वही ठेवली आहे. बसणारी मुले त्यात आपले नाव आणि वेळ लिहितात. दहावीची मुले येतात, अर्ज भरायला येतात, गोदामातली परगावची दोन पोरेही रविवारी घरी बोलायला येऊन बसतात. बापाच्या पट्ट्याचा मार खाल्लेला तो मुलगा मात्र अजून आलेला नाही. वही मी रोज संध्याकाळी उघडून पाहते.